कूलरसमोर बसूनही तापणारा कॉम्प्युटर

मी नागपुरात लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. शूट दुसरे करतात, मेमरी कार्डं माझ्याकडे येतात आणि महिना-दीड महिन्यानं पेन ड्राइव्ह माझ्याकडून जातो. सगळा धंदा एका कॅबिनेटवर. त्या कॅबिनेटनं २०२५ साली १७ एप्रिलपासून १२ मेपर्यंत मला नीट झोपू दिलं नाही. एवढ्या दिवसांत मी गरज नसलेला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) विकत घेतला, न बसणारा कूलर मागवला आणि एका तिकीट नंबराशी महिनाभर पत्रव्यवहार केला. जे जसं झालं तसं तारीखवार लिहितोय. त्या दिवसांत मी रात्र रात्र शोधत होतो तेव्हा मराठीत काही हाती लागलं नव्हतं, आणि इंग्रजीत जे लागलं त्यातलं निम्मं मला खड्ड्यात घालणारं होतं.

मशीन जुलै २०२२ मध्ये जोडून घेतलेलं. बाराव्या पिढीचा आय-सेव्हन १२७०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट. प्रोसेसरवर दुकानदारानं चार प्लॅस्टिकच्या पिनांनी बोर्डात दाबून बसवायचा एक स्वस्तातला कूलर लावून दिला होता. (नागपुरात 'कूलर' म्हटलं की खिडकीतला पाण्याचा कूलर. ह्या लेखात दोन्ही येणार आहेत, सांभाळून घ्या.) मदरबोर्डाच्या कंपनीचं एक कंट्रोल सॉफ्टवेअरही त्यानंच टाकलं होतं. पंख्यांचा वेग, रॅमचे रंगीत दिवे, तापमान, सगळं एकाच खिडकीत. अडीच वर्षं ते बिनबोभाट चाललं आणि मी त्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही.

२०२५ च्या मार्चच्या शेवटी शेवटी मशीन सुरू केलं की दोन-तीन मिनिटांनी 'हा प्रोग्रॅम बंद पडला आहे' अशी चौकट यायला लागली. मी 'क्लोज' दाबायचो आणि कामाला लागायचो. रॅमचे दिवे मी पांढरे करून ठेवले होते, ते आपोआप इंद्रधनुष्यी झाले. दिव्यांचंच काहीतरी बिनसलं असेल म्हणून सोडून दिलं. हे सोडून देणं पुढे महागात पडलं.

१७ एप्रिल, गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा. वरूडच्या एका लग्नाची अडीच तासांची फाइल रेंडरला (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवायला) लावली होती. ६१ टक्क्यांवर स्क्रीन काळी. निळा पडदा नाही, सूचना नाही, काही नाही. पहिल्यांदा वाटलं, लाइन गेली. पण ट्यूबलाइट चालू होती आणि खिडकीतला कूलरही घरघरत होता. पुन्हा सुरू केलं, पुन्हा रेंडर लावलं, ४० टक्क्यांवर पुन्हा तेच. सकाळी नवरीच्या वडिलांचा फोन: "भाऊ, आमचा पेन ड्राइव्ह कधी भेटन? पाव्हणे विचारून राहिले." मी म्हटलं, रविवारपर्यंत. कशाच्या जोरावर म्हटलं, कुणास ठाऊक.

शनिवारी, १९ तारखेला, कॅबिनेट स्कूटरच्या पुढ्यात घालून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नेलं. दुकानात मुलानं ते सुरू केलं, दहा मिनिटं नुसतंच डेस्कटॉप बघत बसला आणि म्हणाला, "एसएमपीएस गेला असन भाऊ. एकदम बंद होते म्हणजे तोच." तपासणीचे ३०० रुपये, नव्या एसएमपीएसचे ४,३५०. माझ्याही डोक्यात तेच होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही. त्याच रात्री नव्या एसएमपीएसवर रेंडर लावलं. बावीस मिनिटांत बंद.

दुकानात तपासणीला नेत असाल तर मशीन ज्या कामात बंद पडतं तेच काम तिथे करून दाखवा. माझं मशीन नुसतं डेस्कटॉप उघडून ठेवल्यावर कधीच बंद पडत नव्हतं. मुलाला त्यात काय दिसणार? मी प्रोजेक्टची हार्ड डिस्क सोबत नेऊन पंधरा मिनिटं रेंडर चालवलं असतं तर ४,३५० रुपये वाचले असते. जुना एसएमपीएस ठणठणीत निघाला. दुकानदारानं नवा परत घेतला नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही, वापरलेला माल कोण परत घेईल?

रविवारी सकाळी मशीन सुरू करताना विंडोज येण्याआधीच काळ्या पडद्यावर एक ओळ दिसली. प्रोसेसरचं तापमान मर्यादेबाहेर गेलं होतं, एफ-वन दाबा, अशा अर्थाची. बहुधा ती आदल्या दोन दिवशीही येऊन गेली असेल. मी तेव्हा मॉनिटरकडे बघत नव्हतो, डोकं धरून बसलो होतो.

मग तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो घेतलं. फुकट आहे, फक्त वाचतं. उघडल्याबरोबर एका सेन्सरसमोर १२७ डिग्री! मी घाबरून सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. तासाभरानं कळलं की बोर्डावर जिथे सेन्सर जोडलेलाच नसतो तिथेही ते सॉफ्टवेअर काहीतरी आकडा दाखवतं, आणि तो बहुतेक वेळा असा १२७ किंवा उणे पन्नास-साठ असा हास्यास्पद असतो. बघायचं ते प्रोसेसरच्या नावाखालच्या रकान्यात, 'सीपीयू पॅकेज' ह्या ओळीला. तिथे नुसतं बसून असताना ६२ होतं, आणि रेंडर लावल्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत १००. त्याच्या खाली 'थर्मल थ्रॉटलिंग' समोर लाल अक्षरांत 'येस'.

१०० ही ह्या प्रोसेसरची वरची हद्द. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे हळू होणं ही पहिली पायरी, आणि तरीही उष्णता हटली नाही तर जीव वाचवायला एकदम बंद होणं ही दुसरी. माझं मशीन महिनाभर पहिल्या पायरीवर होतं. मार्चपासून रेंडरला जास्त वेळ लागतोय हे जाणवत होतं, पण मी त्याचं खापर नव्या फोर-के कॅमेऱ्यांवर फोडत होतो.

पण डोकं चक्रावलं ते वेगळ्याच आकड्यानं. प्रोसेसर १०० वर आणि त्याच्यावरच्या कूलरच्या पंख्याचा वेग मिनिटाला ८७० फेरे. रेंडर सुरू करा, थांबवा, काहीही करा, ८७०, फार तर ८८०. पूर्वी रेंडर लावलं की हाच पंखा हेअर ड्रायरसारखा ओरडायचा, बायको शेजारच्या खोलीतून दार लावून घ्यायची. गेला महिनाभर घर शांत होतं आणि आम्हा दोघांनाही ते बरं वाटत होतं!

आता पंखा का झोपलाय ते शोधायचं होतं. २१ आणि २२ एप्रिलच्या रात्री त्यात गेल्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये माझ्या प्रत्येक बंद पडण्यासमोर 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद होती. त्यावरून लोक इंटरनेटवर एसएमपीएस, रॅम, बोर्ड, काहीही बदलायला सांगतात. प्रत्यक्षात ४१ चा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद न होता बंद पडलं. कारण त्यात नसतं. तुमच्याकडे ही नोंद दिसली तर फक्त तिच्या जोरावर पाकीट उघडू नका.

खरी उपयोगी जागा निघाली रिलायबिलिटी हिस्टरी. स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' एवढं टाइप केलं की येते. दिवसांचा आलेख असतो आणि ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवसावर लाल गोलात फुली. माझ्या आलेखात २१ मार्चपर्यंत सगळं स्वच्छ आणि २२ मार्चपासून रोज फुली. गावातल्या प्रत्येक दारावर खडूनं खूण करत कुणीतरी गेल्यासारखं दिसत होतं. प्रत्येक फुलीखाली एकच नाव: बोर्डाच्या त्या कंट्रोल सॉफ्टवेअरची सर्व्हिस, म्हणजे मागे न दिसता चालणारा भाग.

मग २२ मार्चला काय झालं होतं? ते विंडोज सिक्युरिटीच्या 'प्रोटेक्शन हिस्टरी'त सापडलं. त्या दिवशी डिफेंडरनं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसनं, 'विनरिंगझिरो' नावाचा एक ड्रायव्हर 'हॅकटूल' म्हणून कैदेत टाकला होता. मी पाहिलंच नव्हतं, सूचना कोपऱ्यात येऊन गेली असेल.

हा ड्रायव्हर म्हणजे एक जुनी, सगळ्यांनी वापरलेली किल्ली आहे. विंडोज साध्या प्रोग्रॅमला थेट हार्डवेअरला हात लावू देत नाही. पंखे, दिवे, तापमान ह्यांच्यापर्यंत पोचायला ड्रायव्हर लागतो. स्वतःचा लिहून त्यावर मायक्रोसॉफ्टची सही मिळवणं खर्चाचं काम, म्हणून कितीतरी फुकटच्या आणि विकतच्याही सॉफ्टवेअरांनी हाच तयार ड्रायव्हर उचलला. पण ही किल्ली कुणाच्याही हाती लागली तर ती कुणालाही आत सोडते. ते भगदाड २०२० मध्येच जाहीर नोंदलं गेलं होतं. मार्च २०२५ मध्ये डिफेंडर त्याला पकडायला लागला आणि जगभर लोकांची पंखे चालवणारी सॉफ्टवेअरं एकदम मुकी झाली. माझ्या घरात तीच गोष्ट घडली होती.

माझ्या पंख्याचं काय झालं ते मला जेवढं जुळवता आलं ते असं. मशीन सुरू होताना पंख्याचा ताबा बोर्डावरच्या छोट्या चिपकडे असतो आणि ती तापमान बघून त्याला पळवते. विंडोज आलं की कंट्रोल सॉफ्टवेअर म्हणतं, बाजूला हो, आता मी बघतो. ताबा घेतं, पंखा हळू करून ठेवतं, आणि मग तापमान वाचायला त्या ड्रायव्हरकडे जातं. ड्रायव्हर कैदेत. सॉफ्टवेअर कोसळतं. पण ताबा परत कोण देणार? चिप शेवटच्या हुकमावर अडून बसते: ८७०. ड्रायव्हर गाडी चालू ठेवून चहा प्यायला उतरला आणि परत आलाच नाही, असला प्रकार.

इथे एक मोह आला. दोन-तीन व्हिडिओंत सांगितलं होतं की प्रोटेक्शन हिस्टरीत जाऊन 'अलाउ ऑन डिव्हाइस' दाबा, वर विंडोजचं 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण बंद करा, सगळं पूर्ववत होईल. होत असेलही. माझं बोट त्या बटणावर होतं, रात्रीचा दीड वाजला होता, वरूडचे पाव्हणे डोळ्यांपुढे होते. पण ह्याच मशीनवर माझं बँकेचं खातं उघडतं आणि लोकांच्या घरच्या लग्नांचे व्हिडिओ असतात. पंखा फिरवण्यासाठी दार उघडं टाकून झोपायचं? नाही दाबलं.

२३ एप्रिलला बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तक्रार टाकली. त्यांना हवं असतं ते आधीच गोळा करून ठेवा: बोर्डाचा सीरियल नंबर (खोक्यावरच्या स्टिकरवर असतो, खोकं टाकलं असेल तर बोर्डावर, रॅमच्या आसपास), जीएसटी बिलाचा फोटो, बायॉसची (बोर्डातलंच, विंडोजच्या आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती, विंडोजची आवृत्ती. फॉर्म अर्धवट असताना पान बदललं तर सगळं पुसलं जातं. माझं दोनदा पुसलं गेलं, तिसऱ्यांदा मी मजकूर नोटपॅडमध्ये लिहून मग चिकटवला. वॉरंटी जुलैपर्यंत असल्यानं तिकीट नंबर लगेच मिळाला. चार दिवसांनी उत्तर आलं: सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, बायॉस अपडेट करा, तरी न झाल्यास विंडोज नव्यानं टाका. माझ्या पत्रातल्या ड्रायव्हरच्या परिच्छेदाबद्दल एक अक्षर नाही. मी तोच परिच्छेद पुन्हा पाठवला.

उत्तराची वाट न बघता, तक्रार टाकली त्याच दिवशी, २३ लाच, मी ते सॉफ्टवेअर काढायला घेतलं होतं. साध्या अनइन्स्टॉलनं मुख्य खिडकी जाते, पण मागे तीन सर्व्हिस जिवंत होत्या. कंपनीच्याच साइटवर ते मुळासकट काढायचं वेगळं छोटं टूल होतं, ते चालवलं. रीस्टार्ट केलं तर उजव्या कोपऱ्यात हसतमुख चौकट: 'आमचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं?' कितीही काढा, हे पुन्हा दारात हजर. ह्याचं बी बायॉसमध्ये आहे. बोर्डाच्या बायॉसमध्येच एक पर्याय असतो जो विंडोजला दरवेळी हे सॉफ्टवेअर देऊ करतो. सुरू होताना डिलीट दाबत राहायचं, आत जाऊन टूल्स किंवा तत्सम पानावर तो पर्याय 'डिसेबल' करायचा. वेगवेगळ्या बोर्डांत जागा वेगळी असते, पण असतो.

सॉफ्टवेअर गेलं, रीस्टार्ट झालं, आणि पंखा? ८७०. त्या रात्री मी अक्षरशः हात जोडले. मग सुचलं की आपण मशीन बंद करतो तेव्हाही भिंतीतून बोर्डाला थोडी वीज मिळतच असते, ती चिप पूर्ण झोपतच नाही. म्हणून मशीन बंद केलं, भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर काढली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. पुन्हा जोडलं. सुरू केल्याबरोबर पंखा भुर्रकन ओरडला आणि आतून बायकोचा आवाज आला, "झालं का सुरू तुमचं?" तो आवाज ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

२४ तारखेला पंख्याची सगळी सोय बायॉसमध्ये केली. त्यात तापमान आणि पंख्याची टक्केवारी ह्यांचे चार-पाच बिंदू असतात. पुण्या-बंगळुरूच्या माणसाचे आकडे नागपुरात चालत नाहीत. माझ्या खोलीतच दुपारी ३७-३८ डिग्री असते, तिथे ४० ला पंखा जागा करण्यात अर्थ नाही, तो दिवसभर ओरडत बसेल. मी ५० पर्यंत ३५ टक्के, ६५ ला ६०, ७५ ला ८५ आणि ८५ ला पूर्ण असं ठेवलं. पंख्याच्या वायरीला चार पिना असतील तर पद्धत 'पीडब्ल्यूएम', तीन असतील तर 'डीसी'. हे उलटं ठेवलं तर तीन पिनांचा पंखा हळू करायला सांगूनही जोरातच पळत राहील, किंवा चार पिनांचा कमी वेगात नीट चालणार नाही. एवढं केलं की विंडोजमध्ये काहीही कोसळो, पंख्याला पत्ता लागत नाही.

वाटलं, संपलं. रेंडर लावलं. पंखा जीव खाऊन फिरतोय, आणि प्रोसेसर अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर.

त्या क्षणी मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो, खोटं कशाला सांगू. नंतर शांतपणे बघितलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तापमान चढत नव्हतं, उडी मारत होतं. ५२ वरून ९७, दोन सेकंदांत. कॅबिनेटमध्ये हवा कोंडली असेल तर तापमान दहा-पंधरा मिनिटं घेऊन हळूहळू चढतं. दोन सेकंदांत उडी मारतं तेव्हा प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोचतच नसते. म्हणजे पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर ह्यांच्या मधला, उष्णता वाहून नेणारा थर) वाळलीय किंवा कूलर नीट टेकलेला नाही. म्हणजे माझ्या घरात एक नाही, दोन बिघाड होते, आणि पहिल्याच्या आड दुसरा लपला होता.

२७ एप्रिल, रविवार. जमिनीवर जुनी चादर पसरून कॅबिनेट आडवं केलं. आतलं दृश्य बघून लाज वाटली. मी मोठ्या शहाणपणानं कॅबिनेट खिडकीतल्या कूलरच्या झोताला ठेवलं होतं, गार हवा मिळेल म्हणून. कूलरच्या ताटीतल्या वाळ्याचा कोंडा, रस्त्याची धूळ आणि ओल ह्यांनी मिळून प्रोसेसरच्या कूलरवर राखाडी गोधडी विणली होती. बोटानं ओढली तर अख्खी उचलून आली, वाळ्याचा मंद वास असलेली. शेजाऱ्यांकडून ब्लोअर आणून बाकीची उडवली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. ती हवेनं गरगरा फिरली तर बेअरिंग खराब होतं.

आणि मग ती पिन दिसली. कूलरच्या चार कोपऱ्यांवर चार काळ्या पिना. तीन एका पातळीत, चौथी, खालची डावी, गव्हाच्या दाण्याएवढी वर आलेली. बोटानं दाबलं तर कूलर त्या बाजूनं डुगडुगला. जानेवारीत आम्ही नंदनवनहून मनीषनगरला घर बदललं तेव्हा हे कॅबिनेट टेम्पोत गाद्यांवर आडवं टाकून आणलं होतं. तेव्हाच ती निसटली असणार. थंडीत खोली २० डिग्रीवर आणि पंखा पूर्ण वेगात, म्हणून निभावलं. मार्चमध्ये पंखा झोपला, एप्रिलमध्ये ऊन तापलं आणि पितळ उघडं पडलं.

पेस्टची नळी ३२० रुपये, जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल १८० रुपये. जुनी पेस्ट एका बाजूला खडूसारखी कोरडी झाली होती, दुसऱ्या बाजूला अजून ओली. कूलर तिरका बसलाय ह्याचा पुरावा समोरच होता. पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली. पिना बसवायची रीत: डोकी मूळ जागी वळवून, समोरासमोरच्या तिरक्या दोन एकदम दाबायच्या, टक् आवाज येतो, मग उरलेल्या दोन. आवाजावर विसंबू नका. बोर्डाच्या मागच्या बाजूला टॉर्च मारून बघा, पांढऱ्या पाकळ्या फाकून त्यांच्या मधून काळी पिन बाहेर आलेली दिसली पाहिजे, चारही ठिकाणी. माझी चौथी बसली, पण तिची एक पांढरी पाकळी चिरल्यासारखी वाटली. दुर्लक्ष केलं. माझी सवय तुम्हाला आतापर्यंत कळली असेलच.

बायॉसमध्ये आणखी एक गोष्ट केली. हा प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा, थोडा वेळ १८० पर्यंत जाणारा. पण माझ्या बोर्डानं वीज ओढायची मर्यादाच ४०९५ वॉट ठेवली होती, म्हणजे मर्यादा नाहीच. मी दीर्घकाळची मर्यादा ६५ केली. पूर्वी एक तास पन्नास मिनिटांत होणारी फाइल आता दोन तास पंचवीस मिनिटं घ्यायला लागली, पण पूर्ण झाली. तापमान ८४. २९ तारखेच्या पहाटे वरूडची फाइल निघाली तेव्हा मी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली, एकही चूक काढण्यासाठी नाही, नुसतीच.

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया. त्या दिवशीच्या दोन लग्नांची कार्डं रात्रीच घरी आली, आणि २ मेला दुपारी प्रोसेसर पुन्हा ९९. उघडून बघितलं: चिरलेली पाकळी तुटून खाली पडली होती.

आता नवा कूलर. ३ मेला ऑनलाइन एक उभा, चार तांब्याच्या नळ्यांचा मागवला, २,१४९ रुपये. ६ मेला आला आणि बसेना. भोकं जुळेनात, जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक. माझ्या सॉकेटला (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), म्हणजे एलजीए १७०० ला, चार भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर असतं. आधीच्या पिढ्यांना ७५. आलेला माल जुन्या साठ्यातला, कूलर बोर्डावर बसवायच्या पट्ट्या ७५ च्याच. बर्डीवर चार दुकानं पालथी घातली, कूलर सगळ्यांकडे, नुसती पट्टी कुणाकडेच नाही. परत करायचा तर पैसे आणि नवा माल यायला दहा दिवस. शेवटी कूलरच्या कंपनीला मेल टाकला, सोबत बिल, बोर्डाच्या खोक्याचा आणि आलेल्या पट्ट्यांचा फोटो. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं आणि १२ मेला पट्ट्यांची पुडी कुरिअरनं आली, फुकट. मागवण्याआधी हे विचारून घेतलं असतं तर सहा दिवस वाचले असते. त्या सहा दिवसांत मी एका मित्राच्या मशीनवर रात्री नऊनंतर जाऊन काम केलं. त्याच्या आईनं रोज जेवायला वाढलं, ते वेगळंच.

नवा कूलर स्क्रूंनी आवळायचा आहे, मागून धातूची पट्टी. स्क्रू एकेक पूर्ण न आवळता तिरके, थोडे थोडे करत आवळायचे. नंतर मर्यादा ६५ वरून ९५ वॉट केली. खोलीत ३७ असताना तासभर रेंडर चालवून तापमान ८२-८३ वर स्थिर, फाइल दोन तासांच्या आत. कॅबिनेट खिडकीपासून दूर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीपासून वीतभर वर. आता मोठी फाइल एकसंध रेंडरला लावत नाही, हळद, लग्न, रिसेप्शन असे तुकडे करून काढतो आणि शेवटी जोडतो. मध्ये काही झालंच तर एक तुकडा जातो, रात्र जात नाही.

खर्च एकूण ७,२९९ रुपये झाला. त्यात कामाचा २,६४९. उरलेल्या पैशांचा एसएमपीएस सध्या सज्जातल्या कपाटावर खोक्यात आहे. म्हणजे जुना. नवा आत बसलाय, आता पुन्हा उघडायचं धाडस नाही.

बोर्डाच्या कंपनीचं उत्तर २७ मेला आलं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढली आहे, तिच्यात तो ड्रायव्हर नाही, कृपया वापरून कळवा. मी टाकली नाही. दोन दिवसांनी तिकीट आपोआप बंद झालं आणि आमची सेवा कशी वाटली म्हणून पाच तारे आले. ते सॉफ्टवेअर नसल्यानं रॅमचे दिवे मात्र आता कायमचे इंद्रधनुष्यी राहिलेत, रात्री सगळी खोली वरातीसारखी रंग बदलते. काचेवर आतून वरूडच्या लग्नाची पत्रिका चिकटवून ठेवली आहे. मोठी होती, बरोबर मापाची निघाली.